योर्गोस दोनिस: विंगवरून डगआउटमध्ये (ग्रीस, सायप्रस, सौदी)

आडवा_पास

सौदी लीगच्या धाग्यात अल-खलीजचा विषय निघाला, तेव्हा त्यांच्या ग्रीक कोचबद्दल, म्हणजे दोनिसबद्दल, बरीच विचारणा झाली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. शक्यतो सामने, तारखा आणि डावपेच यांवर बोलू.

आधी खेळाडू म्हणून. योर्गोस दोनिसचा जन्म २२ ऑक्टोबर १९६९ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधला. पास यानिना या यानिना शहराच्या क्लबातून तो पुढे आला आणि १९९२ मध्ये अथेन्सच्या पानाथिनाइकोसकडे गेला. जागा बाजूच्या मिडफिल्डरची, काम विंगरचे, म्हणजे कडेने हल्ला चढवण्याचे. ग्रीसमध्ये त्याला 'ट्रेन' म्हणत. चेंडू पायात घेऊन पूर्ण वेगात सरळ धावणे ही त्याची ताकद होती, ड्रिबलिंगची नक्षी नव्हे. पानाथिनाइकोसने १९९५ आणि १९९६ ची लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.

ज्यांना एकच सामना बघायचा असेल त्यांनी ३ एप्रिल १९९६ चा बघावा. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, पहिला लेग, अॅम्स्टरडॅम. समोर गतविजेता आयाक्स आणि त्यांचा कोच लुई व्हान खाल. ८७ व्या मिनिटाला दोनिस स्वतःच्या हाफमधून चेंडू घेऊन सुटला आणि साथीदार क्शिश्तोफ वाझिखाला पास दिला, त्याने गोल केला. १-० ने विजय. परतीच्या सामन्यात अथेन्समध्ये आयाक्सने ०-३ असे हरवले आणि अंतिम फेरी हुकली.

प्रशिक्षक म्हणून माझे मत असे: दोनिसला चषकांच्या यादीने मोजू नये, त्याला कुठे किती वेळ मिळाला त्याने मोजावे. लारिसात चार वर्षे मिळाली, तिथे त्याने खालच्या विभागातला संघ युरोपात नेला. अथेन्सच्या एइकेमध्ये काही महिनेच मिळाले आणि हाती काही लागले नाही. इतरांचे काय मत?

---

कूपरेज_कट्टा

छान धागा. इंग्लंडचा भाग राहिला, तो भरतो.

१९९६ च्या उन्हाळ्यात दोनिस ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला तो पहिला ग्रीक खेळाडू. ही बदली झाली कशी, हे बघण्यासारखे आहे. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने बोसमन निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत, असा त्याचा गाभा. ग्रीस १९८१ पासून युरोपीय समुदायात असल्याने ग्रीक खेळाडूंनाही तो थेट लागू झाला. दोनिसचा करार संपत होता, त्यामुळे ब्लॅकबर्नला तो फुकट मिळाला.

मग बिनसले कुठे? क्लब चुकीच्या वेळी मिळाला. १९९५ चा विजेता संघ मोडत होता. जुलै १९९६ मध्ये अॅलन शिअरर १५ दशलक्ष पौंडांना न्यूकॅसलला गेला. विंगवरून येणारे क्रॉस ज्याच्या डोक्यासाठी मारायचे, तोच उरला नाही. लीगच्या पहिल्या दहा सामन्यांत एकही विजय नाही, ऑक्टोबरमध्ये रे हारफर्डने मॅनेजरपद सोडले. उरलेला बराच हंगाम टोनी पार्क्सने हंगामी मॅनेजर म्हणून संघ खालच्या विभागात घसरू न देण्यासाठी खेळवला. अशा संघात विंगरला पुढे सोडत नाहीत, आपल्या फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मदतीला मागे ओढतात. दोनिसचा खेळ त्याच्या उलटा.

एका हंगामानंतर तो ग्रीसला परतला, एइके अथेन्सकडे. १९९९ मध्ये पुन्हा इंग्लंड, पण दुसऱ्या पायरीवर: आधी शेफिल्ड युनायटेड, मग हडर्सफिल्ड टाउन. दोन्हीकडे मॅनेजर स्टीव्ह ब्रूस. म्हणजे ब्रूसने क्लब बदलल्यावर त्याला पुन्हा बोलावून घेतले. धाकटा मुलगा अनास्तासिओस ऑगस्ट १९९६ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मला. पुढे तो श्टुटगार्टकडून बुंडेसलीगा खेळला.

---

आकडेमोड

आडवा_पास, "वेळ मिळाला तर यश" हे तुमचे सूत्र टिकत नाही. तारखा बघा.

अपोएल निकोसिया (सायप्रस): ऑक्टोबर २०१३ मध्ये, हंगाम सुरू झाल्यावर आला. मे २०१४ संपेपर्यंत लीग आणि कप दोन्ही.

अल-हिलाल (रियाध): फेब्रुवारी २०१५ मध्ये, पुन्हा हंगामाच्या मध्यावर. जून २०१५ मध्ये किंग्ज कप, ऑगस्ट २०१५ मध्ये सुपर कप, फेब्रुवारी २०१६ मध्ये क्राउन प्रिन्स कप. एका वर्षात तीन चषक.

आत्रोमितोस: २००९ ते २०१२, पुरेपूर वेळ. चषक शून्य. ग्रीक कपच्या दोन अंतिम फेऱ्या हरला, २०११ मध्ये एइकेकडून ०-३ आणि २०१२ मध्ये ऑलिंपियाकोसकडून जादा वेळेत १-२.

वेळ भरपूर मिळाला तिथे लारिसाचा एकच कप आणि घाईत गेला तिथे पाच चषक. माझ्या मते फरक खेळाडूंच्या दर्जाचा आहे.

---

आडवा_पास

यादी बरोबर आहे, पण आत्रोमितोस अपयशाच्या रकान्यात टाकू नका. तो अथेन्सच्या पश्चिमेकडच्या पेरिस्तेरी उपनगराचा क्लब. तिथल्या मध्यम बजेटच्या संघाने लागोपाठ दोन वर्षे कपची अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या वेळी समोर एर्नेस्तो व्हाल्वेर्देचा ऑलिंपियाकोस होता आणि सामना नव्वद मिनिटांत निकाली लागला नाही. पहिल्या अंतिम सामन्याची आठवण मात्र कडू आहे. संपता संपता एइकेचे प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळ बाजूला राहिला.

---

थेस्सालिया

लारिसावर सविस्तर लिहायलाच हवे, कारण या कोचची सगळी पद्धत तिथे दिसते.

लारिसा हे थेस्साली प्रांतातले शहर. १९८८ मध्ये या क्लबने ग्रीक लीग जिंकली. अथेन्स, पिरेयस आणि थेस्सालोनिकी सोडून दुसऱ्या कुठल्याही शहराच्या क्लबाला ते जमलेले नाही. त्यानंतर उतरती कळा, कर्ज, खालचे विभाग. दोनिस इलिसियाकोस या अथेन्सच्या छोट्या क्लबावर काम शिकून २००४ मध्ये आला, तेव्हा लारिसा दुसऱ्या विभागात होता. २००५ मध्ये संघ वर चढला.

वर आल्यावर संघाची बांधणी कशी केली ते बघा. कणा अनुभवी ठेवला. बचावात निकोस दाबिझास, म्हणजे न्यूकॅसलला खेळलेला आणि २००४ चा युरो (युरोपीय राष्ट्रांचा चषक) जिंकलेल्या ग्रीक पथकातला माणूस. पुढे चेंडू राखणारा इब्राहिमा बाकायोको आणि सेट पीसला (फ्री किक, कॉर्नर) क्लेयटन. बाकीच्या जागा धावपळ करणाऱ्या, फारशा महाग नसलेल्या खेळाडूंनी भरल्या. पैसा कमी असला की तो सेंटर बॅक आणि सेंटर फॉरवर्डवर खर्च करायचा आणि बाजूंना पळणारी पोरे लावायची, हे त्याने पुढेही सोडले नाही.

५ मे २००७. ग्रीक कपचा अंतिम सामना, व्होलोसचे पानथेस्सालिको स्टेडियम. हे २००४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले मैदान लारिसापासून जवळच. समोर पानाथिनाइकोस, दोनिसचा जुना क्लब. लारिसाने २-१ ने जिंकला.

त्या कपमुळे युएफा कपमध्ये जागा मिळाली आणि पहिल्याच फेरीत समोर आला ब्लॅकबर्न, दुसरा जुना क्लब. ग्रीसमध्ये २-०, इंग्लंडमध्ये १-२, एकूण ३-२. तेव्हा अवे गोलचा नियम होता: एकूण गोल समान झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे. त्यामुळे परतीच्या लेगमध्ये लारिसाचा एक गोल झाला की ब्लॅकबर्नला पुढे जायला चार गोल लागणार होते. घरच्या लेगमध्ये शून्य गोल खाणे आणि बाहेर एक काढणे हे लहान संघाचे त्या काळचे गणित. दोनिसने ते चोख सोडवले.

पुढचा गट मात्र झेपला नाही. एव्हर्टन, न्युर्नबर्ग, झेनित, आझेड आल्कमार. पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने, पहिले तीन पुढे. लारिसा चारही हरला: एव्हर्टनकडे १-३, झेनितशी २-३, आझेडकडे ०-१, न्युर्नबर्गशी १-३. झेनितने पुढे ती स्पर्धाच जिंकली. संघ पळणारा होता पण बाकावर पर्याय नव्हते. गुरुवारी युरोप आणि रविवारी लीग खेळायची, तर किमान सोळा-सतरा खेळाडू एका दर्जाचे लागतात.

---

राधा_म

थेस्सालिया, फार छान लिहिलेत. एइकेबद्दल कोणी सांगेल का? लारिसानंतर तो तिथेच गेला ना?

---

कूपरेज_कट्टा

हो, २००८ च्या उन्हाळ्यात. सुरुवातच वाईट झाली. युएफा कपच्या पात्रता फेरीत सायप्रसच्या ओमोनियाने घरात ०-१ असे हरवले, निकोसियात २-२. ऑगस्टमध्येच युरोप संपला. मोठ्या क्लबात हंगामाचे बजेट युरोपच्या पैशांवर आखलेले असते, त्यामुळे असा पराभव कोचच्या पहिल्याच महिन्यात त्याची पत संपवतो. नोव्हेंबरमध्ये तो गेला आणि दुशान बायेविच आला.

थेस्सालोनिकीच्या पाओकला २०१२-१३ मध्ये थोडे निराळे झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये इव्हान साव्हिदिसने क्लब घेतला, म्हणजे कोच आधी नेमलेला आणि मालक नंतर आलेला. युरोपा लीगच्या प्लेऑफमध्ये रॅपिड व्हिएन्नाने बाहेर काढले (२-१, ०-३). लीगमध्ये संघ दुसरा होता, तरी एप्रिल २०१३ मध्ये त्याला हटवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या संघाचा कोच प्लेऑफच्या तोंडावर बदलणे मला आजही चुकीचे वाटते.

---

निळा_जर्सी

दुबईत बसून सौदी आणि अमिरातीचे फुटबॉल बघणाऱ्यांसाठी दोनिस हे घरचे नाव आहे, म्हणून हिलालवर लिहितो.

५ जून २०१५, जेद्दा, किंग्ज कपचा अंतिम सामना. समोर त्या हंगामाचा लीग विजेता अल-नस्र. जादा वेळ जवळपास संपलेला, नस्र १-० ने पुढे आणि मोहम्मद जहफालीने बरोबरी केली. पेनल्टींवर हिलाल ७-६. त्यानंतर ऑगस्टमध्ये लंडनला लॉफ्टस रोडवर सुपर कप, पुन्हा नस्रविरुद्ध, १-०. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्राउन प्रिन्स कप, जेद्दाच्या अल-अहलीविरुद्ध २-१.

आता दुसरी बाजू. एएफसी (आशियाई) चॅम्पियन्स लीग २०१५ ची उपांत्य फेरी, समोर दुबईचा अल-अहली. रियाधमध्ये १-१. दुबईत दोन गोलने मागे पडूनही २-२ केले. म्हणजे अवे गोलच्या नियमाने हिलाल पुढे गेला असता. आणि ९५ व्या मिनिटाला क्वोन क्युंग-वोनने तिसरा गोल मारला. २-३. पुढच्या वर्षी लीगही जेद्दाच्या अल-अहलीने नेली, एप्रिल २०१६ मध्ये हिलाललाच ३-१ ने हरवून. मग आशियात उपउपांत्यपूर्व फेरीत ताश्कंदच्या लोकोमोतिवकडून हार आणि दोनिसची रवानगी.

हिलालच्या चाहत्यांना लीग आणि आशिया हवे असते. देशांतर्गत तीन कप त्यांना पुरत नाहीत. हाच क्लब २०२३ मध्ये मुंबई सिटीविरुद्ध नवी मुंबईला डी वाय पाटील स्टेडियमवर खेळून गेला, तेव्हा त्यांचा दर्जा आपल्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिला.

---

आकडेमोड

निळा_जर्सी यांच्या प्रतिसादामुळे माझेही मत बदलते आहे. मी खेळाडूंचा दर्जा म्हटले होते, पण यादी नीट वाचली तर दुसरेच दिसते. ग्रीक कप, सायप्रस कप, किंग्ज कप, सुपर कप, क्राउन प्रिन्स कप. शिवाय आत्रोमितोसच्या दोन अंतिम फेऱ्या. लीग एकच, २०१३-१४ ची सायप्रसची. आणि तीही शेवटी एका सामन्यावर आली. लिमासोलच्या एइएलविरुद्धचा निर्णायक सामना फटाका अपोएलच्या खेळाडूला लागल्याने अर्ध्यात थांबला. तो ३१ मे ला प्रेक्षकांविना पुन्हा खेळवला आणि अपोएलने १-० ने जिंकला. म्हणजे ती लीगही त्याने अंतिम सामन्यासारखीच जिंकली.

हा बाद फेरीचा कोच आहे.

---

आडवा_पास

हे पटले. माझ्या वेळेच्या सूत्रापेक्षा हे बरे बसते. कारणही खेळाच्या पद्धतीत आहे.

मोठ्या संघासमोर दोनिसचे संघ मागे, घट्ट उभे राहतात. चार बचावपटूंची ओळ, पुढे चार किंवा पाच मिडफिल्डरची. दोन ओळींत दहा-बारा मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, म्हणजे मधल्या जागेत प्लेमेकरला (हल्ला रचणाऱ्याला) वळता येत नाही. चेंडू मिळाला की पहिला पास पुढे, बाजूच्या पळणाऱ्याकडे. १९९६ मध्ये तो स्वतः जे करायचा, तेच. एका सामन्यापुरते हे कोणाही विरुद्ध चालते.

लीगमध्ये अडचण उलटी. आठवड्याला समोर असा संघ येतो जो स्वतःच मागे बसतो. तिथे धावायला मोकळी जागाच नसते. मग बाजूने क्रॉस, बॉक्समध्ये गर्दी आणि शून्य-शून्य. असे दोन-तीन बरोबरीचे सामने महिन्यात झाले की विजेतेपद हातचे जाते.

---

थेस्सालिया

आणि ही पद्धत मोडते कशी, त्याचा नमुना अपोएलच्या २०१४-१५ च्या चॅम्पियन्स लीग गटात आहे. बार्सिलोना, पॅरिस सेंट जर्मेन, आयाक्स.

कँप नोऊ, १७ सप्टेंबर २०१४: ०-१. एकच गोल, मेसीच्या फ्री किकवर पिकेचे हेडर. खुल्या खेळात बार्सिलोनाला काही सापडले नाही. बॉक्सच्या आसपास फाउल देणे हा अशा बचावाचा कच्चा दुवा.

निकोसियात पॅरिसविरुद्ध: ०-१, कावानीचा गोल ८७ व्या मिनिटाला. तासभर ओळी सरकवत राहिल्यावर मिडफिल्डर थकतात. पाच-सात मिनिटे आधी ताजे पाय आणले नाहीत तर हे होते.

पॅरिसमध्ये: ०-१, कावानी पहिल्याच मिनिटाला. सुरुवातीलाच गोल खाल्ला की मागे बसण्याला अर्थ राहत नाही आणि पुढे जायची तयारी झालेली नसते.

आयाक्सशी घरी १-१, हा एकमेव गुण. शेवटी निकोसियात बार्सिलोना ४-०. त्याच रात्री मेसीने तीन गोल करून चॅम्पियन्स लीगच्या सर्वाधिक गोलांचा विक्रम आपल्या नावावर केला. आयाक्सकडे ०-४. जानेवारी २०१५ मध्ये दोनिस अपोएलमधून बाहेर.

---

राधा_म

२०१७ मध्ये तो अपोएलला परत आला होता ना? डॉर्टमुंडला दोनदा रोखले तेव्हा?

---

आकडेमोड

तोच. प्लेऑफमध्ये स्लाव्हिया प्राग (२-०, ०-०), मग गटात रेआल माद्रिद, टॉटनहॅम आणि डॉर्टमुंड. डॉर्टमुंडशी दोन्ही सामने १-१. अखेरीस डॉर्टमुंड आणि अपोएल दोघांचे दोन-दोन गुण. परस्पर सामने बघितले तर तेही समान. मग एकूण गोलफरक. अपोएलचे २ गोल विरुद्ध १७, म्हणजे उणे १५. डॉर्टमुंड तिसरा होऊन युरोपा लीगमध्ये गेला, अपोएल चौथा. रेआलने निकोसियात ०-६ असे हरवले, आणि सामना गेला तरी गोल थांबवायचे असतात ते याचसाठी. पण रेआल आणि टॉटनहॅमसमोर उघडे न पडणे त्या संघाला शक्य नव्हते, हेही खरे.

---

कूपरेज_कट्टा

पानाथिनाइकोसची दोन वर्षे, २०१८ ते २०२०, कोणी घेतली नाहीत. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत अवघड काम. देणी थकल्यामुळे २०१८-१९ ची सुरुवातच उणे ६ गुणांवर, युरोपात खेळायला बंदी, नवे खेळाडू घ्यायला पैसा नाही. त्याने अकादमीतली आणि क्लबातलीच तरुण पोरे उभी केली: गोलमध्ये दिउदिस, पुढे हात्झियोव्हानिस, बुझुकिस. थोरला मुलगा ख्रिस्तोस दोनिसही त्याच संघात मिडफिल्डला होता. मार्च २०१९ मध्ये ऑलिंपियाकोसविरुद्धची डर्बी दंगलीमुळे अर्धवट सुटली आणि आणखी गुण कापले गेले. तरी संघ आठवा. पुढच्या वर्षी चौथा.

उणे गुणांनी सुरू करणाऱ्या संघाची पहिली अडचण टेबलाची नसते. पहिले दोन सामने जिंकूनही खाते शून्यावरच राहते, आणि विशीतली पोरे आठवड्याला ते बघत असतात. ती पोरे त्याने टिकवली. कप नाही, पदक नाही, पण मी हे काम लारिसाच्या बरोबरीने ठेवतो.

---

निळा_जर्सी

१००% सहमत. त्यानंतर मकाबी तेल अवीवला थोडा काळ, मग सौदीतच: मक्केचा अल-वेहदा, अल-अहसाचा अल-फतेह, सैहातचा अल-खलीज. सगळे मधल्या किंवा खालच्या फळीतले. ३ फेब्रुवारी २०२३ ला अल-फतेहने अल-नस्रला २-२ ने रोखले. रोनाल्डोने नस्रसाठी लीगमधला पहिला गोल त्याच सामन्यात, भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर केला. आणि २३ नोव्हेंबर २०२४ ला अल-खलीजने हिलाललाच ३-२ ने हरवले, ग्रीक प्लेमेकर कोस्तास फोर्तुनिस पुढे असताना.

---

राधा_म

पूर्ण सामने बघून अभ्यास करायचा असेल तर कोणते तीन निवडावेत? आणि बघायचे काय?

---

थेस्सालिया

माझी निवड, याच क्रमाने:

पहिला, लारिसा–पानाथिनाइकोस २००७. चेंडू पानाथिनाइकोसच्या विंगरकडे गेला की लारिसाचा त्या बाजूचा मिडफिल्डर किती वेगाने फुलबॅकजवळ येतो ते बघा. गोल बघण्यापेक्षा हे महत्त्वाचे.

दुसरा, बार्सिलोना–अपोएल २०१४. चेंडूकडे बघू नका. अपोएलच्या दोन ओळींमधली पट्टी बघा, आणि पहिल्या अर्ध्या तासात फाउल कुठे कुठे झाले ते मोजा.

तिसरा, अल-खलीज–हिलाल २०२४. इथे मागे बसणे कमी आहे. चेंडू मिळाल्यावर फोर्तुनिस कुठे उभा असतो आणि त्याच्या पहिल्या स्पर्शाआधी दोन्ही बाजूंचे किती जण पळायला सुटलेले असतात, ते थांबवून थांबवून बघा.